हात ज्याचा, मत त्याचे

दान देणाऱ्याला घेणाऱ्याचे मत विचारण्याची सवय नसते. गरज दिसली, वस्तू दिली, कर्तव्य संपले. आम्हीही पुष्कळदा असेच केले आहे. परंतु दिलेली वस्तू कोपऱ्यात धूळ खात पडली, तर दोष कुणाचा?

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याचे आनंदवन पाहिले की हा प्रश्न मनात येतो. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापली आणि कुष्ठरुग्णांच्या हातांना भिक्षेऐवजी शेती, विणकाम, सुतारकाम दिले. कुष्ठरोगाने नसा निकामी होतात, बोटे आत वळतात, चटका बसला तरी कळत नाही. अशा हातांसाठी एक साधी युक्ती निघाली. चमच्याच्या वा अवजाराच्या दांड्यावर मऊ राळेचा गोळा बसवायचा आणि रुग्णाने तो मुठीत दाबायचा. राळ घट्ट होताच त्याच्याच हाताच्या मापाची पकड तयार होते.

आता पक्षाघाताच्या रुग्णांसाठी बोटे मिटविणारे-उघडणारे यांत्रिक हातमोजे निघाले आहेत. अभियंत्याला बोट किती अंशांत वळते हे ठाऊक असते. परंतु गडचिरोलीच्या बाईला रोवणी करायची आहे की तेंदूपानांचा पुडा बांधायचा आहे, हातमोजा एकट्या दुसऱ्या हाताने चढविता येतो का, घामाने तो नकोसा होतो का, हे तीच सांगू शकेल. उलट, बधिर हाताला होणारी जखम रुग्णाला जाणवत नाही. ती जाणत्या डोळ्यांनीच पाहावी लागते. म्हणजे रुग्णाचे मत घेणे हा उपकार नव्हे आणि त्याची मर्जी राखणेही नव्हे. दोघांचेही ज्ञान अपुरे आहे. म्हणून दोघांनी एकत्र बसावयाचे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हेच केले. लोकांचे म्हणणे ऐकून तेथील रुग्णालय आदिवासी घरांच्या धर्तीवर बांधले गेले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले.

बार्तिमय आंधळा आहे हे येशूला दिसत होते; तरीही त्याने त्याला काय हवे ते आधी विचारले. आपल्या घरातील आजारी माणसाला आपण शेवटचे कधी विचारले होते?