नष्ट, उद्दिष्ट आणि परतीचे फलन

दोन संचांत एकास-एक संगती आहे, एवढे फळ्यावर लिहून गणिती पुढच्या ओळीकडे वळतो. सिद्धतेची प्रत्येक पायरी संगणकाकडून तपासून घेणाऱ्या लीनसारख्या प्रणालीत मात्र आधी ठरवावे लागते की आपण नेमके काय देणार आहोत. एक फलन देऊन, त्याने दोन घटक एकाच जागी जात नाहीत आणि कुठलीही जागा रिकामी राहत नाही, हे सिद्ध करता येते. किंवा जाणारे फलन, परत येणारे फलन आणि दोन्ही दिशांनी फेरी मारली तरी मूळ घटकच हाती येतो याच्या दोन सिद्धता, अशी सगळी चौकडी सुपूर्द करता येते. पहिले आहे विधान, दुसरी आहे वस्तू. विधानावरून वस्तू मिळते खरी, पण सर्वसाधारणपणे निवडीच्या गृहीतकाच्या, म्हणजे कसा निवडायचा हे न सांगता घटक निवडता येतो असे मानण्याच्या, बळावर. मग ते परतीचे फलन चालवून उत्तर काढता येत नाही. हा भेद संगणकाच्या हट्टापायी आलेला नाही, तो गणितातच आहे, आणि त्याचा भक्कम पुरावा तेराव्या शतकातल्या देवगिरीत सापडतो.

यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. सात स्वर एकदाच घेऊन होणाऱ्या ५०४० तानांचा प्रस्तार त्यात आहे, पण त्याला नुसत्या संख्येवर थांबायचे नव्हते. क्रमांक दिला तर तान कोणती, हे नष्ट. तान दिली तर क्रमांक कोणता, हे उद्दिष्ट. तीन स्वर घेतले तर प्रस्तार असा होतो : सा रे ग, रे सा ग, सा ग रे, ग सा रे, रे ग सा, ग रे सा. आता ‘ग सा रे’ चा क्रमांक हवा आहे. शेवटी ‘रे’ आहे, म्हणजे ‘ग’ ने संपणाऱ्या दोन ताना मागे पडल्या. उरलेल्या ‘ग सा’ च्या शेवटी ‘सा’ आहे, म्हणजे आणखी एक मागे पडली. मूळचा एक धरून बेरीज चार. चारपासून उलट निघालो की पुन्हा ‘ग सा रे’. खंडमेरू नावाच्या कोष्टकाच्या घरांत या बेरजा आधीच मांडलेल्या असतात : ० आणि १, मग ०, २, ४, मग ०, ६, १२, १८. लीन जी चौकडी मागते तिच्यातली दोन्ही फलने इथे तयार आहेत. संच आणि टाइप, म्हणजे लीनमध्ये प्रत्येक वस्तूला नेमून दिलेला प्रकार, यांतली गाठही इथेच दिसते. सात स्वरांच्या सातस्वरी ओळी ८,२३,५४३ होतात. ताना म्हणजे त्यांतला, स्वर पुन्हा न येणाऱ्या ओळींचा संच. तो स्वतंत्र टाइप करायचा तर प्रत्येक तानेसोबत ‘यात स्वर पुन्हा आलेला नाही’ ही सिद्धताही बाळगावी लागते. हे ओझे निरर्थक नाही, कारण स्वर पुन्हा आला की उद्दिष्टाची बेरीज कोलमडते.

कोणी म्हणेल, दोन्हीकडे ५०४० आहेत हे कळल्यावर इतका खटाटोप कशाला? कारण अशा संगती ५०४० च्या क्रमगुणिताइतक्या आहेत, आणि संख्या सारखी असणे त्यांतली एकही हाती देत नाही. रटगर्स विद्यापीठात पुढे प्राध्यापक झालेल्या डोरोन झाइलबर्गर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली सिद्धता पाहा. १, २, ७, ४२, ४२९ या क्रमाने वाढणारी एकांतर-चिन्ह सारण्यांची (०, १ आणि -१ यांच्या विशिष्ट चौकोनी मांडण्यांची) संख्या त्यांनी सिद्ध केली, ती सममितीच्या कडक अटी पाळणाऱ्या एका प्रकारच्या समतल विभाजनांशी जुळवून. त्या विभाजनांची संख्या जॉर्ज अँड्र्यूज यांनी १९९४ मध्ये काढलेली होती. समानता निर्विवाद ठरली, तरी कोणती सारणी कोणत्या विभाजनाची जोडीदार हे सांगणाऱ्या सरळ नियमाचा शोध पुढे दशकानुदशके चालला. गणनेने समाधान झाले असते तर तो कोणी केला नसता.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो प्रिन्स्टनचा आहे. तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीत २०१२-१३ मध्ये व्लादिमीर व्होएवोद्स्की आणि सहकाऱ्यांनी टाइपांवर गणिताचा नवा पाया मांडण्यासाठी वर्षभर काम केले. त्यांच्या युनिव्हॅलन्स तत्त्वानुसार समतुल्य टाइप समानच मानता येतात. मग कोणती संगती, हा प्रश्न मिटला का? उलट तो अधिकच ठळक होतो. या तत्त्वात प्रत्येक समतुल्यतेची वेगळी समानता होते. दोन घटकांच्या टाइपाची स्वतःशीच दोन प्रकारे समानता असते, एक जसेच्या तसे ठेवणारी, दुसरी अदलाबदल करणारी. समानता म्हटले तरी ती कोणती हे सांगणे टळत नाही.

अनंत संचांपाशी मात्र माझा आग्रह सैल करावा लागतो. दोन संच एकमेकांत एकास-एक बसत असतील तर त्यांच्यात पूर्ण संगती असते, हे कॅन्टर-बर्नस्टाइन प्रमेय. ते पूर्ण सर्वसाधारण रूपात मान्य केले की ‘प्रत्येक विधान खरे किंवा त्याचा नकार खरा’ हा नियमही मान्य करावाच लागतो, असे सेसिलिया प्राडिक आणि चॅड ब्राउन यांनी २०१९ मध्ये दाखवले. म्हणजे इथे सर्व संचांना पुरेल असा खंडमेरू मागणे व्यर्थ आहे, आणि अस्तित्वाचे विधान हेच प्रामाणिक उत्तर आहे. फक्त ते विधान म्हणूनच नोंदवावे, त्याच्या नावाखाली परतीचे फलन हाती असल्यासारखे पुढच्या सिद्धतेत वापरू नये.