सारंगात गंधार नसतो

सारंगात गंधार नसतो, धैवतही नसतो. सा, रे, म, प, नी एवढ्याच स्वरांवर वृंदावनी सारंग सगळी दुपार उभी करतो. आता या रागात वाद्यवृंदासाठी लिहायला बसा. पाश्चात्त्य पद्धतीची साधीशी कॉर्ड षड्जावर बांधायची, तर षड्ज आणि पंचम यांच्या मध्ये गंधार लागतो. तो शुद्ध घेतला तर कॉर्ड मेजर, कोमल घेतला तर मायनर. सारंगात तर गंधारच वर्ज्य. म्हणजे राग ज्या स्वरावर विसावतो, नेमकी त्याच स्वरावर हार्मनीची पहिली वीट बसत नाही.

अँथनी गोन्साल्विस यांनी हाच राग निवडला आणि ‘कॉन्चेर्टो इन राग सारंग’ लिहिली. कॉन्चेर्टो म्हणजे एकटा वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. दुसरी कॉन्चेर्टो लिहिली ती तोडी थाटात, व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी. ‘सोनाटिना इंडियाना’ ही आणखी एक रचना.

अँथनी गोन्साल्विस हे नाव वाचताच १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधलं गाणं ओठावर येणार. संगीतकार प्यारेलाल यांनी लहानपणी ज्यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले, त्या गुरूचं नाव त्यांनी त्या गाण्यात गुंफलं. ती गुरुदक्षिणा मनापासूनची होती. पण नाव घराघरांत पोचलं आणि माणूस त्या नावाआड गेला. भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडणारा पडद्यावरचा अँथनी लोकांना आठवतो. सारंगाचा पेच अंगावर घेणारा अँथनी फारसा कुणी ऐकलेला नाही. त्या दुसऱ्या अँथनीविषयी बोलायला हवं, असं मला तीव्रतेनं वाटतं.

जन्म १९२७ चा, गोव्यात सासष्टीतल्या माजोर्ड्याचा. वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, हातात व्हायोलिन देत. त्या शाळांनी पुढे मुंबईच्या हॉटेलांना, नाचाच्या बँडना आणि सिनेमाच्या स्टुडिओंना वादक पुरवले. गोन्साल्विस १९४३ मध्ये, सोळाव्या वर्षी, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते अरेंजर झाले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार आणि तिच्यातून तीस-चाळीस वादकांसाठी वेगवेगळे कागद लिहून काढायचं काम अरेंजरचं. व्हायोलिनच्या कागदावर गज केव्हा खाली ओढायचा आणि केव्हा वर न्यायचा याच्याही खुणा असतात. त्याशिवाय वीस गज एकत्र हलत नाहीत. आपण ज्याला गाण्याचा ‘माहौल’ म्हणतो तो बराचसा या कागदांवर असे. श्रेयनामावलीत मात्र अरेंजरचं नाव असलंच तर ‘सहायक’ म्हणून. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या सगळ्यांची हीच कथा आहे.

इथपर्यंतची वाट पुष्कळ गोवेकर वादकांची होती. गोन्साल्विस वेगळे ठरतात ते त्यापुढे. सारंगीवादक राम नारायण, तबलानवाज इनाम अली खाँ अशांच्या सहवासात बसून ते हिंदुस्थानी संगीत शिकले. स्टुडिओत निभावून न्यायला तेवढ्याची गरज नव्हती. रागाचे स्वर कागदावर आले की काम भागत होतं. त्यांना मात्र स्वरांच्या मधली वाट हवी होती, आणि त्या दृष्टीनं त्यांच्या हातातलं वाद्य भाग्याचं होतं. व्हायोलिनला पडदे नसतात. तारेवर बोट कुठंही थांबतं, कुठूनही कुठंही घसरत जातं. म्हणून तर ते दोन्ही संगीतांना आपलं वाटलं. पण दोघांनी ते धरलं वेगवेगळं. युरोपीय वादक ते हनुवटीखाली धरतो, तारा मंद्रातून वर पंचमापंचमाच्या अंतरानं मिळवतो. आपल्याकडे गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार मांडी घालून बसले, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्यापाशी टेकवलं आणि तारा बहुधा षड्ज-पंचमाला धरून लावल्या. त्यामुळे वाद्य सावरण्याचं ओझं डाव्या हातावरून उतरलं आणि लांब मींड, म्हणजे स्वरातून स्वरात घसरत जाणं, मोकळी झाली. गायकीच्या मागे जायचं तर हात मोकळा लागतो. वीसजणांत मिसळून वाजवायचं तर कागदावर नजर लागते. बसण्याच्या या दोन तऱ्हांत दोन संगीतविचार आहेत. गोन्साल्विस हनुवटीखाली व्हायोलिन धरणारे होते, आणि तरीही त्यांना मींडेची ओढ लागली होती.

१९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. मुंबईत सेंट झेव्हियर्स कॉलेजच्या चौकात सुमारे ११० वादक बसले. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. धोबी तलावाचा हा परिसर गोवेकरांच्या कुडांचा, म्हणजे गावोगावच्या त्यांच्या मुक्कामाच्या खोल्यांचा. त्या वर्षी गोवा अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, मुक्ती तीन वर्षं दूर होती. ज्या माणसाचं गाव परक्या सत्तेखाली होतं, त्यानं आपल्या वाद्यवृंदाच्या नावात पहिला शब्द ‘इंडियन’ घातला. आणि लताबाईंचे वडील दीनानाथ मंगेशीचे. मंगेशीच्या देवळातलं गाणं आणि माजोर्ड्याच्या चर्चमधलं गाणं यांच्यात अंतर काही कोसांचंच, पण गोव्यात त्यांना एका मांडवात यायचं कारण नव्हतं. ती भेट मुंबईत, कॉलेजच्या चौकात झाली. आपल्या संगीताच्या इतिहासात ही घटना मला फार मोलाची वाटते. तिच्यावर आपण किती थोडं लिहिलं आहे!

अशा कामाला आज सर्रास ‘फ्यूजन’ म्हणतात. मला तो शब्द इथं पटत नाही. फ्यूजनमध्ये बहुधा दोन कलावंत आपापलं आणतात, एका ठेक्यावर भेटतात आणि आपापल्या घरी परत जातात. गोन्साल्विस यांनी दोन्ही घरांचा हिशेब एकट्याच्या डोक्यात मांडला. कॉर्ड बदलली की स्वराच्या पायाखालची जमीन बदलते. रागात जमीन हलत नाही. तंबोरा ती धरून ठेवतो. हा खरा तंटा आहे, गोड बोलून तो मिटत नाही. तोडीच्या रचनेला त्यांनी राग न म्हणता थाट म्हटलं, यातही मला विचार दिसतो. भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत वाटणी केली तेव्हा थाट म्हणजे फक्त सप्तकातली स्वरांची मांडणी होती. चलन, वादी-संवादी, वेळ हे सगळं रागाचं. पाश्चात्त्य रचनाकाराला मांडणी हाताळता येते. चलन सांभाळण्याची हमी देता येत नाही, म्हणून ‘थाट’ म्हणणं प्रामाणिकपणाचं आहे. सारंगाला मात्र त्यांनी राग म्हटलं आणि ती हमी दिली.

लिहून ठेवलेला राग हा राग राहतो का, हा आक्षेप हलका नाही. आलाप कागदावर मावत नाही हे कुणीही गवई सांगेल. पण भातखंडे यांनी बंदिशी छापल्या तेव्हाही हेच म्हटलं गेलं होतं, आणि त्या छापील बंदिशींवर पिढ्या शिकल्या. शिवाय कॉन्चेर्टोच्या रचनेत एक जागा मुळातच मोकळी ठेवलेली असते. वाद्यवृंद थांबतो आणि एकटा वादक आपल्या मनानं वाजवतो. तिला कादेन्झा म्हणतात. जुन्या काळी युरोपातही वादक ती आयत्या वेळी रचत. पुढे तीही लिहून ठेवायची पद्धत पडली. रागविस्ताराला याहून साजेसं दार पाश्चात्त्य संगीतात दुसरं नाही.

तो वाद्यवृंद टिकला नाही. ११० वादकांना तालमीसाठी बोलवायचं म्हणजे त्यांची तितक्या दिवसांची स्टुडिओतली शिफ्ट बुडवायची. बेथोवेन ऐकणाऱ्यांना सारंग नको होता, सारंग ऐकणाऱ्यांना कागद नको होता. सिनेमाला दोन्ही हवं होतं, पण तीन मिनिटांपुरतं. १९६५ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाच्या अनुदानावर गोन्साल्विस अमेरिकेला गेले. परतल्यावर सिनेमाच्या धबडग्यात ते पुन्हा शिरले नाहीत, माजोर्ड्याला राहिले. १८ जानेवारी २०१२ रोजी गेले.

चित्र भिंतीवर टांगून ठेवता येतं. कॉन्चेर्टोला दर वेळी नव्याने माणसं जमवावी लागतात. वाजली नाही तर ती नसल्यासारखीच. मुंबईत २००६ पासून एनसीपीएचा ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ आहे. मांडी घालून व्हायोलिन वाजवणारी गजाननबुवा, दातारांच्या परंपरेतली मंडळी आहेत. माझी मागणी साधी आहे. सारंगाची कॉन्चेर्टो दुपारी ठेवा, सारंगाच्या वेळेला. कादेन्झापर्यंत हनुवटीखालच्या व्हायोलिननं न्या. मग गज थांबू द्या, कागद मिटू द्या. पुढ्यात बैठक घालून बसलेला दुसरा व्हायोलिनवादक तंबोऱ्यावर षड्ज लावील आणि गंधाराला न शिवता रिषभावर येईल. मागे शंभर वादक गज मांडीवर ठेवून ऐकत बसलेले असतील.