पट्टीला घड्याळ नसतं

२८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीचा टायब्रेक चालू होता. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख विरुद्ध ३८ वर्षांची कोनेरू हंपी. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटलेले, रॅपिडचा पहिलाही. दुसऱ्या डावात मी पटापेक्षा स्क्रीनच्या कडेची इंजिनाची पट्टीच जास्त बघत होतो. ती हलली की ओरडायचो, "अरे, काय खेळतेय ही!"

मला ती चाल सुचली असती? मुळीच नाही. त्या दोघींच्या घड्याळात वेळ पळत होता. पट्टीला घड्याळच नव्हतं.

ऑफिसात मी हेच करतो. गेल्या वर्षी सर्व्हर बंद पडला, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये एका ज्युनिअरला मी सगळ्यांसमोर विचारलं, "हे दिसलं कसं नाही तुला?" रात्री दोन वाजता त्याच्यासमोर लॉगच्या हजारो ओळी होत्या. माझ्यासमोर नेमकी एक होती, तीही दुसऱ्याने शोधून दिलेली.

म्हणून चूक ही चूक राहत नाही, असं नाही. हंपी हरली, दिव्या जिंकून थेट ग्रँडमास्टर झाली. पण चूक मोजणं वेगळं आणि माणूस जोखणं वेगळं. जोखायचं तर त्याला त्या क्षणी जेवढं दिसत होतं, तेवढ्यावरच जोखायला हवं.

जिंकल्यावर दिव्या म्हणाली, आपल्याला एंडगेम शिकायला हवा. तिला तो अधिकार होता. ती पटासमोर बसली होती.

त्या ज्युनिअरची माफी मी अजून मागितलेली नाही.