शेजारधर्म आणि वार्ता

वर्तमानपत्र उघडल्यावर सुशिक्षित मनुष्याची दृष्टि ज्या मजकुरावर क्षणभरही न थांबतां पुढें जाते, तो मजकूर म्हणजे लहान गांवांच्या बातम्या. अमक्या मंडळींची सभा झाली, तमक्या मुलीनें गायनांत पहिलें बक्षीस मिळविलें, पुलाजवळची वाट पावसानें खचली, कोणी आजी नव्वद वर्षांच्या झाल्या. जगाच्या उलाढालींत याला किंमत ती काय, असें आपण मनाशीं म्हणतों आणि पान उलटतों. मींही बरींच वर्षें उलटलें. परंतु या क्षुद्र गणल्या जाणाऱ्या वार्तांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो राजधानीच्या मोठ्या पत्रांपेक्षां वेल्ससारख्या छोट्या देशांतील छोट्या गांवीं अधिक उघडपणें दिसतो. ज्यांच्याविषयीं लिहावयाचें तेच वाचणारे, आणि लिहिणाराही त्यांच्यांतलाच, अशा ठिकाणीं खरें किती सांगावें?

वेल्सच्या पश्चिम भागांत टाइवी नदीच्या खोऱ्यांत लॅम्पेटर नांवाचें बाजारपेठेचें एक गांव आहे. वस्ती तीन हजारांच्या आंतबाहेर. १८२२ सालीं तेथें धर्मोपदेशकांच्या शिक्षणासाठीं एक कॉलेज स्थापन झालें. ऑक्सफर्ड व केंब्रिज सोडल्यास पदवी देणारी इतकी जुनी संस्था इंग्लंड-वेल्समध्यें दुसरी नाहीं. २०२५ सालीं तेथील पदवीचे वर्ग दुसऱ्या गांवीं हलविण्यांत आले, हा त्या गांवावर अलीकडे आलेला मोठाच आघात होय. पण मला येथें सांगावयाचें आहे तें तेथील मासिक पत्राविषयीं. त्याचें नांव 'क्लोंक'. वेल्श भाषेंत या शब्दाचा अर्थ गप्पाटप्पा. आपल्या पत्रांस 'दर्पण', 'केसरी' अशीं भारदस्त नांवें देणाऱ्या आम्हां मराठी लोकांस हें नांव थोडें चमत्कारिक वाटेल. पण त्यांत एक प्रामाणिकपणा आहे.

अशा पत्रांस वेल्श लोक 'पापिर ब्रो' म्हणतात. 'ब्रो' म्हणजे आपली पंचक्रोशी. याहून नेमका प्रतिशब्द मला सुचत नाहीं. १९७३ सालीं कार्डिफ येथें 'नागरिक' या अर्थाच्या नांवाचें पहिलें पत्र निघालें, आणि आतां अशीं पत्रें पन्नासांवर आहेत. लिहिणारे, घड्या घालणारे, घरोघर पोंचविणारे, बहुतेक सारे बिनपगारी. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणें वेल्समध्यें वेल्श बोलणारे शेंकडा १७.८ आहेत. ज्यानें शाळा सोडल्यावर वेल्श पुस्तक हातीं धरलें नाहीं असा मनुष्यही शेजाऱ्याच्या नातवाचें नांव पाहण्यासाठीं तरी हें पत्र वाचील, हा त्यांतला व्यवहारी हिशेब.

या पत्रांचा ढंग सौम्य असतो. अभिनंदन, शोकप्रदर्शन, स्त्रियांच्या मंडळांत झालेलें व्याख्यान, तरुण शेतकऱ्यांची नाटिका, शाळेची सहल. भांडणतंटे, दिवाळीं, घटस्फोट यांना त्यांत सहसा स्थान नसतें. यावर सत्यप्रिय टीकाकार म्हणेल कीं, ज्या आरशांत केवळ हंसरे चेहरे दिसतात तो आरसा नव्हे, तें चित्र आहे. हा आक्षेप मला पूर्वीं बिनतोड वाटे. आतां वाटत नाहीं. लहान गांवीं वार्ता ही अज्ञात गोष्ट ज्ञात करण्यासाठीं छापावयाची नसतेच. अमक्याचें दुकान बुडालें हें पत्र निघण्यापूर्वींच साऱ्या पेठेला ठाऊक असतें. तें छापल्यानें कोणाच्या ज्ञानांत भर पडत नाहीं. त्या मनुष्याच्या लज्जेंत मात्र पडते. उद्यां त्याला त्याच पेठेंत पाव आणावयास जावयाचें आहे, आणि छापणाऱ्यालाही. सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट सर्वांनीं न बोलणें याला दंभ म्हणण्यापेक्षां शेजारधर्म म्हणणें मला अधिक योग्य वाटतें. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण बहुधा उपहासानें वापरतों. पण मूठ झांकणारा हात शेजाऱ्याचा असेल तर तींत थोडी करुणाही असते.

मात्र हेच लोक, जेथें गुणावगुण ठरवावयाचे तेथें भीड कशी टाळतात तें पाहण्यासारखें आहे. लॅम्पेटरास दर वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस काव्य-गायनाच्या स्पर्धांचा उत्सव भरतो. अशा उत्सवास तिकडे आइस्तेद्वोद म्हणतात. उत्तम कवितेच्या कर्त्यास मान म्हणून खुर्ची देण्याचा जुना प्रघात आहे. कवि आपली रचना टोपणनांवानें धाडतो. परीक्षक भर सभेंत तिचे गुणदोष बोलून दाखवितो, आणि विजयी टोपणनांव पुकारलें जाईपर्यंत तो कवि आपल्या शेजारच्याच बांकावर बसला आहे कीं काय, हें सभेस कळत नाहीं. एकही रचना पात्र नसेल तर खुर्ची कोणासही न देण्याची परीक्षकास मुभा असते. कवीला दुखवावयाचें नाहीं आणि कवितेला सोडावयाचें नाहीं, अशी ही युक्ति. आमच्याकडील साहित्यसभांनीं तिचा विचार करावा असें मला पुष्कळदां वाटतें, पण तो विषय वेगळा.

ही सोय कवितेपुरती झाली. गांवचा कारभार टोपणनांवानें चालत नाहीं. दुकानदाराचें दिवाळें ही त्याची स्वतःची गोष्ट. पण नगरपालिकेनें काय ठरविलें ही सर्वांची. तेथें सौम्य पत्र पुरत नाहीं, विचारणारें पत्र लागतें, आणि वेल्समध्यें तींच पत्रें एकामागून एक बंद पडत आलीं आहेत. दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट टॅल्बट या शहराचें साप्ताहिक २००९ सालीं बंद झालें. नोकऱ्या गेलेल्या कांहीं पत्रकारांनीं सहकारी तत्त्वावर दुसरें पत्र चालविलें. तेंही २०१६ सालीं थांबलें. तेथील पोलादाचा कारखाना २००७ पासून आपल्या टाटांच्या मालकीचा. २०२४ च्या सप्टेंबरांत त्याची शेवटची झोतभट्टी विझली, तेव्हां ती बातमी मुंबईपासून लंडनपर्यंत सर्वत्र छापली गेली. भट्टी विझल्याचें जगाला कळतें. पण रस्ता कोणता बंद व्हावयाचा, शाळा कोणती मोडावयाची, हें ज्या सभेंत ठरतें तेथें वही घेऊन बसणारा मनुष्य नसला, तर गांवाला तें सारें होऊन गेल्यावर कळतें.

तेव्हां खाजगी दोष झांकावा आणि सार्वजनिक दोष छापावा, इतकें म्हणून लेखणी खालीं ठेवतां आली असती. पण अबरव्हानची गोष्ट तसें करूं देत नाहीं.

अबरव्हान हें मर्थर टिडव्हिल शहराजवळचें खाणकामगारांचें गांव. खाणींतून निघालेली माती व गाळ गांवाच्या माथ्यावरील डोंगरावर टाकीत. तेथील सातवा ढीग १९५८ सालीं सुरू झाला, तो झऱ्यावर. १९६३ सालीं नगरपालिकेच्या इंजिनियरानें शाळेमागें सांठत असलेल्या या गाळाच्या धोक्याविषयीं लेखी इशारा दिला. १९६४ च्या जानेवारींत एका नगरसेविकेनें समितीच्या सभेंत सांगितलें कीं, हा ढीग सरकला तर सबंध शाळेला धोका आहे. तिचें हें बोलणें 'मर्थर एक्स्प्रेस' या स्थानिक पत्रांत छापून आलें.

म्हणजे बोलणारीनें भीड धरली नव्हती. पत्रानेंही धरली नव्हती. पण ढीग ज्यांच्या ताब्यांत होता त्या राष्ट्रीय कोळसा मंडळाच्या लेखीं या बातमीचें वजन तें किती? आडबाजूच्या एका नगरपालिकेच्या समितींत एक बाई कांहीं बोलली, एवढेंच. २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं सकाळीं सव्वानवाच्या सुमारास ढीग शाळेवर आला. ११६ मुलें आणि २८ मोठीं माणसें गेलीं. ढिगाखालच्या झऱ्याची कोणास माहिती नव्हती, असें मंडळाच्या अध्यक्षांनीं आरंभीं सांगितलें. गांवाला ती होती. चौकशी-न्यायासनानें ७६ दिवस काम चालवून १३६ साक्षीदार तपासले व १९६७ सालीं दोष मंडळाच्या माथीं ठेविला. पूर्वींचे सारे इशारे तेथें उकरून काढण्यांत आले. छापलेला शब्द त्या मुलांना वांचवूं शकला नाहीं. कोणास कांहींच ठाऊक नव्हतें असें म्हणण्याची वाट मात्र त्यानें बंद केली.

लिहिणाऱ्याच्या नीतीचा आपण पुष्कळ खल करतों, वाचणाऱ्याच्या नीतीचा क्वचितच. बातमी क्षुद्र आहे हें ठरवितो कोण? ज्याचें मूल त्या शाळेंत नाहीं तो. 'मर्थर एक्स्प्रेस'मध्यें ती बातमी आल्यानंतर ती शाळा आणखी पावणेतीन वर्षें रोज सकाळीं भरत होती.