पिकलेले केस



आपल्या भाषेत फळ पिकते, ज्वारी पिकते आणि केसही पिकतात. रब्बीची ज्वारी पिकली की घरात आनंद होतो. आंबा पिकला की त्याचा वास लपत नाही आणि कोणी तो लपवूही पाहत नाही. केस पिकले की मात्र आपण कावरेबावरे होतो. त्यातही बाईचे केस पिकले की सगळ्यांच्या नजरा आधी तिच्या भांगाकडे जातात.

घरभेटीच्या निमित्ताने आम्ही पुष्कळ घरांत जातो. लेकाचे लग्न ठरले की आईला पहिला सल्ला मिळतो, "आधी केसांचं काहीतरी कर, फोटोत म्हातारी दिसशील." चाळिशीतल्या एखाद्या ताईला तिचाच नवरा चारचौघांत हसून म्हणतो, "आता हिचं वय झालं." त्याचे स्वतःचे डोके तिच्याआधीच पांढरे झालेले असते, पण त्याला मात्र लोक 'अनुभवी माणूस' म्हणतात. "आमचे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत," असे पुरुष पारावर बसून अभिमानाने सांगतो. दिवसभर खरोखरच उन्हात खुरपणी करून आलेल्या त्याच्या बायकोने तेच वाक्य म्हटले, तर तिला कोणी ऐकून घेते का?

जानेवारी २०२० मध्ये आपल्या शहरात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळाला. त्यांच्या पिकल्या केसांकडे पाहून कोणाला त्यांची कीव आली नाही, आदरच वाटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या ९८ व्या संमेलनात लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर वयाच्या ८५ व्या वर्षी अध्यक्षपदावरून बोलल्या. त्यांचेही केस पांढरे, आणि लोकांनी त्यांनाही मनापासून ऐकले. व्यासपीठावरच्या बाईला जो मान आपण देतो, तो चुलीपुढच्या बाईला का देत नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

बाईचे केस कसे असावेत हे इतरांनी ठरवायचे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. एके काळी काही जातींत नवरा वारला की बाईचे केशवपन होई. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवण्यास नकार दिला. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच हात आवरला. आज वस्तरा नाही, पण जीभ आहे. ती आपल्या सर्वांच्या तोंडात आहे आणि ती आवरणेही आपल्याच हाती आहे.

डोक्याची शपथ वाहू नका, कारण एकही केस काळा किंवा पांढरा करणे तुमच्या हाती नाही, असे प्रभू येशू डोंगरावरील प्रवचनात सांगतो (मत्तय ५:३६). कोणी म्हणेल, "फादर, आता तर काळ्या मेंदीच्या एका पुडीने होतो." खरे आहे. पण पुडी रंगवते ती उगवून आलेला केस. केसाच्या मुळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी वयाबरोबर कमी होत जातात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि मुळाशी पुन्हा आपल्याच रंगाने उगवतो. दर महिन्याला देवाने दिलेले वय भांगात पुन्हा दिसू लागते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला संत थॉमस अक्विनस यांचा एक विचार भेटला. वस्तूचे मूळ असणे वेगळे आणि तिला चिकटलेले गुण वेगळे. रंग हा असाच एक गुण. तो बदलला तरी माणूस तोच राहतो. म्हणून केस रंगवणे हे पाप नाही, तसेच न रंगवणे हे काही पुण्य नाही. एखादी भगिनी हौसेने केस रंगवत असेल तर तिच्याकडे बोट दाखवू नये. प्रश्न आहे तो भीतीचा. "पांढरी दिसले तर माझी किंमत कमी होईल," या भीतीने हात डायच्या वाटीकडे जात असेल, तर ती भीती तिच्या मनात घातली कोणी, हे आपण सर्वांनी स्वतःला विचारावे.

संत लूक आपल्याला हन्ना या संदेष्टीची ओळख करून देतो (लूक २:३६-३८). ८४ वर्षांची विधवा. तो तिच्या वडिलांचे नाव सांगतो, वंश सांगतो, वय सांगतो. काहीच झाकत नाही. मंदिरात त्या दिवशी कितीतरी लोक आले-गेले असतील. मरियेच्या हातातले बाळ कोण आहे, हे ओळखले ते शिमोनाने आणि या वृद्ध बाईने. तिने ते ओळखले आणि लोकांना सांगितलेही.

मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय ६) नव्वद वर्षांच्या एलाजारची कथा आहे. निषिद्ध मांस खाल्ल्याचे नुसते सोंग कर आणि जीव वाचव, असे मित्रांनी त्याला सुचवले. त्याने आपल्या वयाचा आणि पांढऱ्या केसांचा विचार केला आणि नकार दिला. आपल्याला पाहून तरुण मुले वाट चुकतील, ही त्याची चिंता होती. पांढरे केस म्हणजे नुसता मान घेणे नव्हे, ती जबाबदारीही आहे. आजी आपले वय लपवताना नात पाहते, तेव्हा वाढते वय ही लाजेची गोष्ट आहे असे ती शिकते. आजी मोकळेपणी वावरते, तेव्हा ती वेगळे काही शिकते.

आपल्या जिल्ह्यातल्या आयाबायांचे केस कशाने पिकले, हे आपल्याला ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात विशीत खडी फोडायला गेलेल्या बायका आज सत्तरीपार आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लोहारा-उमरगा भागातली घरे पाडली. त्यानंतर ज्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये लेकरे वाढवली, त्या आज आज्या झाल्या आहेत. त्यांच्या डोक्यावर आपला इतिहास आहे. पिकल्या केसांपुढे उभे राहावे, अशी आज्ञा परमेश्वराने मोशेमार्फत दिली (लेवीय १९:३२). त्या आज्ञेत बाई-पुरुष असा भेद आपण आपल्या सोयीने करू नये.

आरोग्याविषयीही थोडे. अनेक डायमध्ये आणि काळ्या मेंदीत पॅराफिनिलिनडायमिन नावाचे रसायन असते. त्याने काहींना खाज, पुरळ, चेहऱ्यावर सूजही येते. वापरायचेच असेल तर दोन दिवस आधी कानामागे थोडे लावून पाहावे. त्रास होत असेल तर लोकलाजेसाठी सोसू नये. फार लहान वयात केस पांढरे होऊ लागले तर डॉक्टरांना दाखवावे. कधी कधी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा आजार त्यामागे असतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. संत ज्योकिम आणि संत अन्ना यांच्या सणाच्या सुमारास, जुलैच्या चौथ्या रविवारी तो पाळतात. तोपर्यंत थांबायला नको. या आठवड्यासाठी तीन गोष्टी करू या. पुरुषांनी बायकोच्या केसांवरून, वयावरून थट्टा करू नये. तरुण मुलामुलींनी आजीजवळ बसून तिच्या आयुष्यातली एक गोष्ट विचारून घ्यावी. आणि ज्या माता-भगिनी पांढऱ्या केसांमुळे मिस्सात वाचन करायला किंवा पुढच्या बाकावर बसायला संकोचतात, त्यांनी पुढे यावे. वाचनाच्या यादीत त्यांची नावे घालायला आम्हांला आनंद होईल.

आपल्या डोक्यावरचे सर्व केस मोजलेले आहेत, असे प्रभू सांगतो (मत्तय १०:३०). त्या मोजणीत काळे वेगळे आणि पांढरे वेगळे असे नाही.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

आपले धर्मगुरू