शेवट माहीत असलेला प्रेक्षक

जुने चित्रपट पुन्हा थिएटरात लागू लागल्यापासून आपल्याकडच्या काही समीक्षकांना नाक मुरडायला एक नवं निमित्त मिळालं आहे. त्यांचं म्हणणं असं, की निर्मात्यांना नवं सुचत नाही म्हणून ते जुने डबे उघडतात, आणि प्रेक्षकांना नव्याला सामोरं जायचं नसतं म्हणून ते तिकीटखिडकीशी गर्दी करतात. पुन्हा पाहणं म्हणजे स्मरणरंजन आणि स्मरणरंजन म्हणजे पळवाट, इतकं हे सरळ गणित. 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा थिएटरांत जेमतेम चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. सहा वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचं कसलं आलंय स्मरणरंजन? पण या मंडळींची खोड काढण्याआधी दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्यांकडेही पाहायला हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती 'अंबिकापती' पुन्हा प्रदर्शित झाली, ती कृत्रिम बुद्धिमत्तेकडून शेवट बदलून घेऊन. मूळ चित्रपटात मरणारा नायक इथे डोळे उघडतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष या दोघांनीही जाहीर निषेध केला. हक्क आमचे आहेत, असं निर्मात्या कंपनीचं उत्तर आलं. समीक्षक आणि व्यापारी एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण इथे दोघांचं गृहीतक एकच आहे: तेच पुन्हा पाहण्यात नवं काही नसतं. म्हणून समीक्षक म्हणतो पाहू नका, आणि व्यापारी म्हणतो थांबा, मी काहीतरी नवं घालून देतो. माझा वाद या गृहीतकाशी आहे.

अशा वादात मराठी माणूस हमखास बालगंधर्वांचा दाखला काढतो. कथा पाठ, पदं पाठ, तरी रसिक एकाच नाटकाला पुन्हा पुन्हा जात आणि वन्समोअरवर वन्समोअर देत. कीर्तनाला बसलेल्यांनाही आख्यान कुठे संपणार हे ठाऊकच असतं. आपल्या परंपरेला शेवट माहीत असण्याचं भय कधी नव्हतं, ते हल्लीच्या रहस्यमालिकांनी आणलं, असा याचा मथितार्थ. दाखला गोड आहे, पण आपल्या कामाचा नाही. वन्समोअर घेतलेलं पद पुन्हा तसंच येत नसे; नवी जागा सापडे, गळा अधिक तापलेला असे, समोरच्या दादेने रंग चढे. चित्रपटाचं तसं नसतं. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व एकनाथ झाले. त्या पडद्यावरच्या एकनाथाला कुणी कितीही वन्समोअर दिले असते, तरी त्याला ते ऐकू येणार नव्हते. चित्रपट पुन्हा पाहताना समोरचं तसूभरही हलत नाही. तेव्हा नवं काही दिसलंच, तर ते एकतर आधीपासून तिथे दडलेलं असणार किंवा पाहणारा बदललेला असणार. संगीत नाटकाची पुण्याई इथे उसनी घेता येत नाही.

पुन्हा पाहण्याच्या विरोधात आजवर सगळ्यात दमदार बाजू मांडली ती पॉलीन केल यांनी, आणि त्यांना उत्तर न देता पुढे सरकणं भित्रेपणाचं होईल. केल १९६८ ते १९९१, मधला थोडा काळ वगळता, 'द न्यू यॉर्कर'मध्ये चित्रपटांवर लिहीत होत्या. एकदा पाहायचं, लिहायचं आणि सहसा परत त्या वाटेला जायचं नाही, हा त्यांचा खाक्या आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. आळसातून किंवा घाईतून आलेली ही सवय नव्हे, तिच्यामागे विचार होता. पहिल्या भेटीत चित्रपट आपल्याला बेसावध गाठतो. आपण हसतो, चिडतो, कंटाळतो, आणि तो प्रतिसाद खरा असतो. दुसऱ्या वेळी आपण तयारीनिशी जातो. मग जे आवडलं होतं त्याची कारणं शोधतो, जे आवडलं नव्हतं त्यात खोल अर्थ आहे अशी स्वतःची समजूत घालतो. समीक्षक अँड्र्यू सॅरिस आणि त्यांच्या पंथाने दिग्दर्शकांच्या सामान्य चित्रपटांतही प्रतिभेच्या खुणा हुडकायला सुरुवात केली, तेव्हा १९६३ मध्ये केल यांनी त्यांच्यावर तुटून पडणारा लेख लिहिला. सामान्य करमणुकीला विद्यापीठीय सोवळं नेसवण्याचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. या भूमिकेला आणखी बळ द्यायचं तर असं म्हणता येईल: पुन्हा काय पाहायचं ते आपण पहिल्या आवडीवरूनच ठरवतो, मग दुसरी खेप पहिल्या निकालावर शिक्का मारण्यापलीकडे काय करणार? त्या पाहण्यात धोका नाही, आणि धोका नसलेल्या प्रेमाला फार भाव देऊ नये.

हा आक्षेप मला निम्म्याहून अधिक पटतो. थोर ठरलेल्या चित्रपटांच्या याद्यांकडे पाहिलं तर तो पुरताच पटावा. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' १९५८ चा. 'साइट अँड साउंड' मासिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या मतचाचणीत तो १९८२ मध्ये पहिल्या दहांत आला, २०१२ मध्ये पहिला ठरला, २०२२ मध्ये दुसरा. गंमत अशी, की १९८२ मध्ये तो वितरणातच नव्हता. हिचकॉकच्या मृत्यूनंतर, १९८३ च्या सुमारास तो पुन्हा पडद्यावर आला. म्हणजे मतं देणारे आठवणीला मत देत होते. केल यांना खुदकन हसायला एवढं पुरे. तरीही त्यांना उत्तर द्यायचं, तर ते याच चित्रपटातून द्यावं लागतं.

स्कॉटी हा उंचीचं भय बसलेला माजी पोलीस. मित्राच्या बायकोवर, मॅडेलिनवर, पाळत ठेवण्याचं काम त्याच्याकडे येतं. ती गोल्डन गेट पुलापाशी पाण्यात उडी घेते, तो तिला बाहेर काढतो आणि स्वतःच्या घरी नेतो. पुढच्या दृश्यात ती त्याच्या पलंगावर झोपलेली आहे आणि तिचे कपडे स्वयंपाकघरात वाळत घातलेले आहेत. फोन वाजतो, ती दचकून उठते, पांघरूण सावरते. पहिल्यांदा पाहताना आपलं सगळं लक्ष स्कॉटीच्या अवघडलेपणाकडे जातं: परक्या बाईचे ओले कपडे उतरवावे लागलेला सभ्य गृहस्थ, आता तिच्याशी काय बोलणार? दुसऱ्यांदा पाहताना आपल्याला माहीत असतं, की ही मॅडेलिन नव्हेच. ती जूडी आहे, पैसे देऊन सोंगाला उभी केलेली. बुडणं खोटं होतं, म्हणजे बेशुद्धीही खोटी होती, म्हणजे हा अनोळखी माणूस कपडे उतरवत असताना ती शुद्धीत, डोळे मिटून पडून राहिली होती. हिचकॉकने हे दाखवलेलं नाही, कुणी उच्चारतही नाही. दृश्याचा सगळा भार त्याच्याकडून तिच्याकडे सरकतो आणि किम नोव्हाकच्या पांघरूण सावरण्याकडे नव्याने पाहावं लागतं. केल यांच्या बाजूने कुणी म्हणेल, हे रहस्य हिचकॉक शेवटाच्या पुष्कळ आधी उघड करतो, तेव्हा चाणाक्ष प्रेक्षक खुर्चीत बसल्या बसल्या मागचा हिशेब मांडू शकतो. कथानकाचा हिशेब मांडेल, हे मान्य. पण त्या दृश्यातला तिचा चेहरा त्याच्याजवळ नसतो, कारण पहिल्या खेपेला त्याने तो त्यासाठी पाहिलेलाच नसतो. त्यासाठी परत जाणं भाग आहे.

हाच अनुभव घरचा हवा असेल तर 'जाने भी दो यारों' घ्या. कुंदन शहांचा १९८३ चा हा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांत झाला. त्यात 'खबरदार'ची संपादक शोभा म्हणून भक्ती बर्वे आहेत. 'ती फुलराणी' पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाचा त्यांच्यावर आधीच जीव. त्यामुळे विनोद आणि सुधीर हे दोघे भोळे छायाचित्रकार तिच्या शब्दावर विसंबतात तेव्हा आपणही विसंबतो. भ्रष्ट बिल्डरांचे पुरावे ती जमवते आहे ते छापण्यासाठी नव्हे, पैसे उकळण्यासाठी, हे पुढे कळतं. दुसऱ्यांदा पाहताना तिच्या आवाजातलं मार्दव अंगावर येतं. ती एकदाही खलनायिकेसारखी वागत नाही. प्रत्येक वाक्य प्रामाणिक संपादकाच्या तोंडी शोभावं असंच आहे आणि नेमकी तिथेच भीती आहे. एकदाच पाहणाऱ्याला हा अभिनय दिसू शकत नाही. त्याला शोभाबद्दलची बातमी तेवढी मिळते.

रहस्य दडवलेल्या चित्रपटांवर युक्तिवाद उभा करणं सोपं आहे, हे कबूल. म्हणून 'सिंहासन'. १९७९ चा हा जब्बार पटेलांचा चित्रपट काहीच लपवत नाही. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगारपुढारी, सगळ्यांचे डाव उघडे. शेवटी पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हास्याने तेव्हाच्या प्रेक्षकाला हादरवलं असणार, असं निळू फुल्यांचं काम पाहून वाटतं. २०१९ चा पहाटेचा शपथविधी आणि २०२२ ची सुरत-गुवाहाटी यात्रा पाहून झालेल्या प्रेक्षकाला हादरा बसत नाही. दिगूला एवढ्यानेच वेड लागलं, इतकंच त्याच्या मनात येतं. आणि शिक्कामोर्तबाचा आक्षेप? 'शोले'त वीरू बसंतीला नेम धरायला शिकवतो ते दृश्य आठवा. त्या अंगलटीवर एकेकाळी थिएटर खळखळून हसत असे. आज ते पाहताना हसू अर्ध्यावर अडतं. पुन्हा पाहण्याने प्रेम परतही घेता येतं. धोका नाही, हे केल यांच्या बाजूचं म्हणणं तिथे संपतं.

कल्ट चित्रपटांची भानगड वेगळी आहे. उंबेर्तो एको यांनी 'कॅसाब्लांका'वर लिहिताना म्हटलं होतं, की भक्तसंप्रदाय जमायचा तर चित्रपटाचे तुकडे सुटे करता आले पाहिजेत, सबंध चित्रपटाशी नातं न ठेवता ते मिरवता आले पाहिजेत. 'अशी ही बनवाबनवी'ने ही कसोटी केव्हाच पार केली. धनंजय मानेंचा पत्ता विचारणारे निम्मे लोक त्या दाराशी कोण आणि का आलं होतं ते सांगू शकणार नाहीत. एको याकडे कौतुकाने पाहत. मला त्यात नुकसान दिसतं. 'जाने भी दो यारों'मधला महाभारताचा प्रवेश, आयुक्त डिमेलोचं प्रेत द्रौपदी म्हणून साडीत उभं, हा फोनवर रोज कुणीतरी कुणाला पाठवतो. पण त्यानंतर सगळे चोर तडजोड करतात आणि पूल कोसळल्याचं खापर त्या दोन पोरांच्या माथी फोडतात. तो भाग कापला की उरतं ते निव्वळ प्रहसन. तुकडा शंभरदा पाहणाऱ्याने चित्रपट एकदाही पुन्हा पाहिलेला नसतो.

इथवर माझी बाजू भक्कम वाटते: चित्रपट स्थिर राहतो म्हणून आपलं हललेलं दिसतं, सबब त्याला हात लावू नये, 'रांझणा'चं जे केलं ते पाप. पण मग 'शोले'चं काय करायचं? जून २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात फिल्म हेरिटेज फाउंडेशनने नव्याने जतन केलेला 'शोले' दाखवला, तो मूळ शेवटासह. त्यात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो. आणीबाणीत सेन्सॉरला हे खपलं नाही. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात कसा घेतो? म्हणून शेवट पुन्हा चित्रित झाला, पोलीस ऐन वेळी येऊन ठाकूरला थांबवतात, आणि १५ ऑगस्ट १९७५ ला तोच प्रदर्शित झाला. पन्नास वर्षं लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला तो हा 'शोले'. माझ्या तर्काने चालायचं तर बोलोन्याचा शेवटही आगंतुकच म्हणावा लागेल. तसं म्हणायला जीभ रेटत नाही, तेव्हा तर्कालाच मुरड घालायला हवी. 'ब्लेड रनर' १९८२ मध्ये निर्मात्यांनी लादलेल्या गोड शेवटासह आला, १९९२ च्या आवृत्तीत तो गेला, आणि चित्रपट सुधारला यावर बहुतेकांचं एकमत आहे. जॉर्ज लुकसने १९९७ मध्ये 'स्टार वॉर्स'मध्ये फेरफार केले आणि पुढे वर्षानुवर्षं मूळ प्रत चांगल्या स्वरूपात मिळू दिली नाही. संताप झाला तो फेरफारापेक्षा त्या दडपणुकीमुळे.

तेव्हा चित्रपट बदलूच नये, हा हट्ट मी सोडतो. दिग्दर्शकाने आपलं हिरावलेलं परत मागणं आणि हक्कदाराने त्याच्या नाकावर टिच्चून नायक उठवून बसवणं यांत फरक आहे, आणि कर्ता कोण हे तपासलं की तो कळतो. पण एक अट मी सोडत नाही: आधीची प्रत पाहायला मिळाली पाहिजे, कोणती कुठली हे सांगून. 'आलम आरा'ची एकही प्रत शिल्लक नाही, 'राजा हरिश्चंद्र'चे काहीच भाग उरले आहेत. अशा देशात ही चैन नव्हे. म्हणून ठाकूरचा सूड पडद्यावर आला याचा आनंद मानूनही, पोलिसांचा तो बेंगरूळ शेवट डब्यात जाऊ नये असं मला वाटतं. कलादृष्ट्या तो पडेल आहे. अडीच-तीन तास सूडाकडे निघालेला चित्रपट तिथे अचानक नागरिकशास्त्राच्या तासाला जाऊन बसतो. पण १९७५ चं सरकार 'शोले'त प्रत्यक्ष दिसतं ते तिथेच, गणवेशात, ठाकूरला अडवताना. तो शेवट काढून टाकला तर सगळ्यात सुखी सेन्सॉर होईल.