दार आणि पंगत

कराडला येणारा माणूस प्रीतिसंगमावर जातोच. तिथून वाट थोडी वाकडी करून त्याने काले गावही पाहावे, असे मला मनापासून वाटते. भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती याच गावात.

या घटनेचे मोल कळायला एकोणीस वर्षे मागे, साताऱ्यात जावे लागते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाले. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि प्रवेशाचा तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण दार उघडले म्हणजे जागा मिळाली असे झाले नाही. वेगळे बसायचे, बसायला घरून आणलेले गोणपाट, नळाला हात लावायची बंदी, शिपाई नसेल तर तहान तशीच. बाबासाहेबांनी शाळेच्या या आठवणी पुढे लिहून ठेवल्या आहेत.

हजेरीपटावर नाव चढते, पण पाण्यापाशी भेद उरतो. भाऊरावांनी हात घातला तो नेमका इथे. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र राबली, एका पंगतीत जेवली. या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते साताऱ्याच्या वसतिगृहाला राजर्षी शाहूंचे नाव दिले गेले.

अमेरिकेतही हाच धडा गिरवावा लागला. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तरीही १९५७ मध्ये लिटल रॉकच्या हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना पोचवायला लष्कर आणावे लागले. सैनिकांनी त्यांना वर्गापर्यंत नेले, पण जेवणघरात मिनिजीन ब्राउन या मुलीची वाट मुलांनी अडवलीच. तिच्या हातातले जेवण त्यांच्या अंगावर सांडले आणि निलंबन झाले ते तिचे.

दार कायद्याने उघडते आणि ते उघडलेच पाहिजे. त्यासाठीचा प्रत्येक लढा मला वंदनीय आहे. पण शेजार हुकमाने मिळत नाही. तो रोज सोबत वावरून, एकमेकांच्या हातचे खाऊन घडवावा लागतो.

आज जिल्हा परिषदेच्या शाळांत पोषण आहाराची पंगत बसते. मात्र ऐपत असलेल्या घरांतली बरीच मुले त्या पंगतीतून उठून दुसरीकडे गेली आहेत. जातीने पाडलेले अंतर आता फीसुद्धा पाडू लागली आहे. शाळा निवडताना आपण निकाल विचारतो, इमारत पाहतो, बसची सोय बघतो. आपले मूल तिथे कोणाच्या मांडीला मांडी लावून जेवेल, हेही विचारले पाहिजे. ज्या शाळेत फक्त आपल्यासारख्यांचीच मुले भेटतात, ती गुण देईल. पण समतेचे शिक्षण तिथे अपुरेच राहील.